दुसरा कॅमेरा खिशात मावला पाहिजे

परभणीच्या एका शिक्षिका ताईंनी विचारलं आहे: "माझ्याकडे निकॉन डी ७५०० आहे, सोबत १८-१४० लेन्स, आणि येलदरीच्या पक्ष्यांसाठी २००-५०० घेतली आहे. पण गेल्या वर्षभरात कॅमेरा कपाटातून बाहेर निघाला तो मोजून दहा-बारा वेळा. बाकी सगळं मोबाइलवर. जोडीला एखादा छोटा कॅमेरा घ्यावा असं वाटतं. दुकानदार साठ पट झूमचा दाखवतो, भाचा म्हणतो सोनी घे, घरून विचारतात की आहे तो तरी कुठं वापरतेस? काय करू?"

ताई, घरून आलेला प्रश्न रास्त आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. आहे तो कॅमेरा कपाटात का राहतो? आळसामुळे नाही. डी ७५०० बॅटरी-कार्डासकट ७२० ग्रॅम, त्यावर १८-१४० चे ४९० ग्रॅम, म्हणजे गळ्यात सव्वा किलो. २००-५०० एकटीच २,३०० ग्रॅमची. एवढं ओझं माणूस ठरवून उचलतो. येलदरीला जायचंय म्हणून उचलतो, घरात लग्न आहे म्हणून उचलतो. शाळेत जाताना, भाजी आणताना, जिंतूरच्या एसटीत उभ्यानं प्रवास करताना कुणी उचलत नाही. मी लातुरात सव्वीस वर्षं लग्नांची आणि वर्तमानपत्रांची कामं केली. रोज दोन कॅमेरा-बॉडी खांद्यावर असायच्या आणि तरी माझ्या आईचा एक धड फोटो माझ्याकडे नव्हता. छोटा कॅमेरा घेतला तो तेव्हा.

आमच्या लातूर-धाराशिवकडे वेळा अमावस्या, आमच्या बोलीत येळवस, रानात साजरी होते. कडब्याची कोप, आत पांडव म्हणून पाच दगड मांडलेले, भज्जी, उंडे, आणि बिंदग्यात आंबील. मी दरवर्षी मोठा कॅमेरा न्यायचो. तो डोळ्याला लावला की आई हातातली पळी खाली ठेवायची, पदर डोक्यावर घ्यायची आणि सरळ उभी राहायची. असे शंभरेक फोटो असतील, सगळ्यांत तोच ताठ चेहरा. ज्या वर्षी छोटा नेला त्या वर्षी मी कोपीच्या तोंडाशी जेवायला बसलो होतो आणि कॅमेरा पत्रावळीशेजारी होता. आई शेजारच्या रानातल्या पोराला आंबील वाढत होती. मी बसल्या जागेवरून उचलला आणि दाबला. तिनं बघितलं, म्हणाली, "कामून काढायलास रं? आधी जेव की." आणि पुन्हा वाढायला लागली. पुढचे चार फोटो त्यानंतरचे आहेत. त्यांतल्या एकात आंबिलीची धार हवेत आहे, पोरानं दोन्ही हातांनी तांब्या धरलाय, आणि आईची नजर त्या धारेवर आहे, सांडू नये म्हणून. कोपीच्या फटीतून आलेलं ऊन तिच्या मनगटावरच्या बांगड्यांवर पडलंय. तो फोटो आज आमच्या बैठकीत लावलेला आहे.

हे एवढ्यासाठी सांगितलं की छोट्या कॅमेऱ्याचं काम यावरून ठरतं. मोठ्याला जे उत्तम जमतं ते छोट्याकडून मागायचं नाही. मोठ्याला जे जमत नाही, म्हणजे सतत जवळ असणं, माणसांत मिसळून जाणं, आवाज न करणं, तेवढंच त्याच्याकडून घ्यायचं आणि ते मात्र पुरेपूर घ्यायचं. या एका कसोटीवर दुकानातल्या अर्ध्याहून जास्त पेट्या बाद होतात.

पहिला बाद होतो तो साठ पट झूमवाला. लांब झूम लहान अंगात बसवायचा तर सेन्सर, म्हणजे आतली प्रकाश टिपणारी चिप, बारीक करावा लागतो, दुसरा मार्ग नाही. सेन्सर जितका मोठा तितकी त्या पल्ल्याला काच मोठी लागते. तुमची २००-५०० एवढी जड का, याचं उत्तर तेच. या झूम कॅमेऱ्यांत साधारण ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटरचा सेन्सर असतो, जवळपास २८ चौरस मिलिमीटर. तुमच्या डी ७५०० चा २३.५ गुणिले १५.७, म्हणजे ३७० च्या आसपास. तेरा पट फरक. भर दुपारी, माळावर, ऊन पडलेलं असताना हा फरक फारसा दिसणार नाही. संध्याकाळी सातला, ओसरीवर, एका दिव्यात दिसेल. आणि हे कॅमेरे खिशात मावतही नाहीत. निकॉनचाच पी १००० घ्या, त्याची नजर ३००० मिलिमीटरपर्यंत जाते (हा आकडा जितका मोठा तितकी नजर लांबची आणि अरुंद), पण वजन १,४०० ग्रॅमच्या वर. म्हणजे कपाटात दुसरा कॅमेरा जाऊन बसणार. पक्ष्यांसाठी तुमच्याकडे भिंग आहे, चांगलं आहे. दुसरं नको.

मोबाइलचं काय, हेही प्रामाणिकपणे सांगतो. तुमचे फोटो शाळेच्या गटावर आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅपवरच जाणार असतील, तर मोबाइल पुरेसा आहे, लाखभर रुपये वाचवा. छोट्या कॅमेऱ्याचा फायदा कुठं आहे? सेन्सर खरोखर मोठा असेल तर रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने न रंगवलेल्या कच्च्या फाइलमध्ये सावल्या उघडतात, कातडीचा रंग टिकतो, मोठं प्रिंट निघतं. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. मोबाइल वर केला की समोरचा माणूस लगेच दोन बोटं दाखवतो किंवा "सेल्फी का?" म्हणून शेजारी येऊन उभा राहतो. छोट्या काळ्या डबीकडे तो एकदा बघतो आणि आपल्या कामाला लागतो. आणि त्या डबीवर फोन येत नाही, मेसेज येत नाही. फोटो काढताना मी फक्त फोटो काढत असतो, हे सुख मोबाइलवर मला कधी मिळालं नाही.

आता सेन्सरच्या मापाचं बघू, कारण पेटीवर लिहिलेलं फसवं असतं. "एक इंची" सेन्सर कुठूनही एक इंच नसतो. तो १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटर असतो; नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या नळ्यांच्या बाहेरच्या व्यासावरून चालत आलं आहे. क्षेत्रफळ ११६ चौरस मिलिमीटर. तुमच्या डी ७५०० मध्ये आहे त्या मापाला एपीएस-सी म्हणतात, तो याच्या तिप्पट. प्रकाशाच्या हिशेबात हा फरक दीड स्टॉपहून थोडा जास्त होतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). पण घाई करू नका, इथं लेन्सही मोजावी लागते; एफचा आकडा जितका लहान तितकं तिचं छिद्र मोठं. एक इंची कॅमेऱ्याची लेन्स एफ १.८ असेल आणि एपीएस-सीवाल्याची एफ २.८, तर छिद्राच्या बाजूने सव्वा स्टॉपची भरपाई होते आणि दोघं जवळपास बरोबरीत येतात. झूम पुढे सरकवला की एक इंची लेन्सही एफ २.८ वर येते आणि बरोबरी संपते. म्हणून सोनीच्या आरएक्स १०० मालिकेत नुसतं "सगळ्यात नवा" मागू नका. २०१९ चा सातवा २४ ते २०० पर्यंत जातो, पण त्याची लेन्स एफ २.८ पासून सुरू होऊन ४.५ पर्यंत बंद होत जाते. २०१४ चा तिसरा २४ ते ७०, एफ १.८ ते २.८, आणि आतून वर येणारा व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी. घरात, मांडवात, दिवेलागणीला मी तिसराच उचलीन. भाच्याला हे सांगा, म्हणजे "सोनी घे" या सल्ल्याला थोडा आकार येईल.

आणि आता खरं काम. कुठलाही कॅमेरा घेण्याआधी तुमच्याच फोटोंना विचारा. निकॉनचं एनएक्स स्टुडिओ हे फोटो बघायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, लाइटरूम हे दुसरं असेल तर त्यात चाळणी लावता येते. गेल्या दोन-तीन वर्षांतले १८-१४० ने काढलेले फोटो घ्या आणि त्यांतले तुम्हाला मनापासून आवडलेले शंभर वेगळे करा. सगळे नकोत, आवडलेलेच. प्रत्येकाच्या माहितीत किती मिलिमीटरवर काढला ते लिहिलेलं असतं. १८, २४, २७ आणि त्यापुढचे असे चार रकाने करा आणि मोजा. कॅमेऱ्याची नजर जुन्या फिल्मच्या मापात सांगतात, म्हणून डी ७५०० वर आकड्याला दीडने गुणायचं: १८ म्हणजे २७, जवळपास २८ ची नजर, २४ म्हणजे ३५ च्या पुढे थोडी, २७ म्हणजे ४० ची नजर. एक सावधगिरी. १८ वर खूप फोटो सापडले तर हुरळू नका, कारण झूम तिथं जाऊन अडतो आणि हात आपोआप तिथं जातो. १८ वरच्या फोटोंत कडेचा भाग नंतर कापला आहे का ते बघा. कापला असेल तर तुमची खरी नजर त्याहून अरुंद आहे.

मोजून झालं की चिकटपट्टीचा प्रयोग करा. झूमची कडी २४ वर आणून वर चिकटपट्टी लावा आणि आठवडाभर तसाच वापरा. पुढच्या आठवड्यात १८ वर. त्यापुढच्या आठवड्यात २४ च्या खुणेच्या किंचित पुढे, २७ च्या अदमासाने. कॅमेरा जड आहे, मान्य, पण हे तीनच आठवडे आहेत आणि एक रुपयाही लागत नाही. ज्या आठवड्यात चिकटपट्टी आहे हे विसरायला झालं, तो तुमचा आकडा. मला स्वतःला ३५ आवडेल याची खात्री होती. प्रयोगात कळलं की मी लोकांच्या इतका जवळ उभा राहतो की मला २८ लागते. लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या मागोमाग चालायची सवय, दुसरं काय.

एका पल्ल्याला घाबरू नका हे सांगण्यासाठी एवढं लिहिलं. झूम नसलेला छोटा कॅमेरा महिनाभरात शिकता येतो. कुठे उभं राहिलं की काय मावेल हे पायाला कळायला लागतं, कॅमेरा खिशातून निघायच्या आत चौकट डोक्यात तयार असते. झूम असला की ही सवय लागायला वेळ लागतो, कारण प्रत्येक वेळी आधी "किती?" हा प्रश्न येतो.

त्या वाटेने गेलात तर खऱ्या अर्थाने दोन घराणी आहेत. एक रिको जीआर, दुसरं फुजीफिल्म एक्स १००. दोन्हींत एपीएस-सी सेन्सर, दोन्हींत एकच स्थिर लेन्स. २०१९ चा जीआर ३ बॅटरी-कार्डासकट २५७ ग्रॅम, नजर २८ ची, एफ २.८. २०२१ चा जीआर ३ एक्स तसाच, नजर ४० ची. २०२५ मध्ये जीआर ४ आला, तोही २६२ ग्रॅमच, त्यात ५३ जीबी साठवण आतच आहे, पण कार्ड मायक्रोएसडी लागतं, म्हणजे तुमच्या निकॉनची कार्डं त्यात सरळ बसणार नाहीत. एक्स १००-६ हा २०२४ चा, ३५ ची नजर, एफ २, ४० मेगापिक्सेल, सुंदर व्ह्यूफाइंडर, आणि वजन ५२१ ग्रॅम. इथं माझी अडचण होते. एक्स १०० मला फार आवडतो. एका मित्राचा पूर्ण लग्नसराई वापरला आहे. त्याचं शटर लेन्सच्या पात्यांत असल्यामुळे सेकंदाच्या हजाराव्या भागालाही फ्लॅश चालतो. मे महिन्यात साडेबाराच्या मुहूर्ताला मांडवाबाहेर नवरदेव घोड्यावर, डोळ्यांखाली बाशिंगाची काळीकुट्ट सावली, आणि त्या इवल्या फ्लॅशने ती सावली उघडते, मागचं आकाशही निळं राहतं. डी ७५०० ला तिथं साधारण १/२५० च्या आसपास थांबावं लागतं. पण एक्स १०० खिशात जात नाही. गळ्यात राहतो, आणि गळ्यातला कॅमेरा लोकांना दिसतो. तुमच्या कपाटाची गोष्ट ऐकल्यावर मी तुम्हाला जीआरच सुचवतो. २८ की ४० ते चिकटपट्टी ठरवील.

जीआरच्या उणिवाही आधीच ऐकून घ्या. त्याला व्ह्यूफाइंडर नाही. आपल्याकडे मार्च ते जून या दिवसांत दुपारी मागचा पडदा काळी पाटी होतो, ब्राइटनेस कितीही वाढवा. मी डाव्या तळव्याची सावली धरतो. वर बसणारा काचेचा वेगळा व्ह्यूफाइंडर मिळतो, तोही कामाचा. फ्लॅश नाही. जीआर ३ ची बॅटरी दोनशे फोटोंत बसते, म्हणून एक जादा जवळ ठेवायचीच. पॉवर बँकेवर चार्ज होतो हे त्यातल्या त्यात बरं, आमच्याकडची लाइट तुम्हाला ठाऊकच आहे. आणि जवळच्या अंधाऱ्या जागी फोकस चाचपडतो. यावर त्याचाच एक उपाय आहे, आणि तो कळला की या कॅमेऱ्याशी खरी दोस्ती होते. स्नॅप फोकस. अंतर आधीच २ मीटर लावून ठेवायचं, छिद्र एफ ८. २८ च्या नजरेला साधारण एका मीटरपासून वीसेक मीटरपर्यंत सगळं चालेल इतकं स्पष्ट येतं. बटण एकदम पूर्ण दाबायचं, तो शोधाशोध न करता फोटो घेतो. गुरांचा बाजार, एसटी स्टँड, शाळेची मधली सुट्टी, इथं डोळा, हात आणि फोटो यांत काही अंतरच उरत नाही. उन्हात आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ४०० पुरते. ढग आले किंवा पत्र्याखाली गेलात की १६०० वर न्या आणि विसरून जा.

आता धुळीबद्दल, आणि हे माझ्या पैशाने शिकलेलं आहे. येळवशीच्या आदल्या दिवशी, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला, लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा सुरू होते. घोडे, उंट, गाढवं, बैल, आणि देवाच्या पालखीवर उधळला जाणारा भंडारा. मी माझा पहिला छोटा झूम कॅमेरा, कंपनीचं नाव सांगत नाही, खिशातून काढत-ठेवत सकाळभर हिंडलो. त्याची लेन्स प्रत्येक वेळी सुरू करताना तीन नळ्यांनी बाहेर यायची आणि बंद करताना आत जायची. ही नळी सायकलच्या पंपासारखी काम करते: बाहेर येताना हवा आत ओढते, हवेबरोबर हळद. दुपारी बाराला लेन्स अर्ध्यावर अडली, बारीक कर्र असा आवाज करून दोनदा मागेपुढे झाली आणि पडद्यावर बिघाडाची सूचना आली. घरी आल्यावर भिंगातून बघितलं तर दोन नळ्यांच्या मधल्या फटीत पिवळी रेघ होती, केसाएवढी, पूर्ण गोल. दुरुस्ती कॅमेऱ्याच्या निम्म्या किमतीला पडली.

मोठ्या कॅमेऱ्यात सेन्सरवर धूळ गेली तर लेन्स काढून ती झटकता येते. छोट्यात लेन्स कायमची बसवलेली असते. आत गेलेली धूळ काढायची तर कॅमेरा उघडावा लागतो. जीआरलाही ही तक्रार आहे, त्याचीही लेन्स आत-बाहेर होते. एक्स १०० ची होत नाही, आणि पुढे कडी व फिल्टर लावला तर धूळ-पाण्यापासून बराच बचाव होतो; हा त्याचा मोठा गुण. मी आता काय करतो ते सांगतो. यात्रेत, खळ्यावर, गुलालात कॅमेरा एकदा सुरू केला की वारंवार बंद करत नाही, लेन्स बाहेरच राहू देतो आणि आपोआप बंद होण्याची वेळ वाढवून ठेवतो. पँटच्या नुसत्या खिशात कधीच टाकत नाही, तिथल्या कापसाच्या तंतूंनी जेवढे सेन्सर खराब झालेत तेवढे मातीने झाले नसतील. साध्या कापडी पिशवीत, आणि ती पिशवी आठवड्याला धुवायची. तोंडाने फुंकायचं नाही, रबरी फुग्याने उडवायचं. मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवायचा नाही. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. निकॉनच्या भिंगांनाही तेच, बुरशी भेदभाव करत नाही.

म्हणूनच जुना घ्यायचा असेल तर, आणि जुना घ्यायला माझी काहीच हरकत नाही, पैसे देण्याआधी चार गोष्टी करा. पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो एफ १६ वर काढा, एक इंचीवाल्यात एफ ११ वर, आणि मोठा करून कोपरे बघा. धूळ असेल तर राखाडी ठिपके दिसतील. दहा वेळा सुरू-बंद करा, कानाजवळ धरून. प्रत्येक चक्ती फिरवून बघा, आकडा उड्या मारतोय का. आणि बिल मागा, भारतातली वॉरंटी नसलेला माल स्वस्त का आहे हे तो बिघडल्यावरच कळतं. सध्या तरुण मुलं पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे जुने डिजिटल कॅमेरे शोधत फिरतात, त्यांतला रंग त्यांना आवडतो. हौस म्हणून छान. फक्त बघा की त्याला एसडी कार्ड चालतं ना. ऑलिंपस आणि फुजीच्या त्या काळच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना एक्सडी कार्ड लागायचं, सोनीला मेमरी स्टिक, आणि ती आता शोधत बसावी लागतात.

दोन्ही कॅमेरे बरोबर न्यायचे दिवस वेगळे. अजिंठ्याला गेलात (सोमवार सोडून जा, त्या दिवशी लेणी बंद असतात) तर आत फ्लॅश चालत नाही आणि ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. पहिल्या लेण्यात गाभाऱ्याच्या डाव्या हाताला पद्मपाणी आहे, समोर कठडा, मागे रांग. मी तिथं जीआरने एफ २.८, दहावा हिस्सा सेकंद आणि आयएसओ ३२०० वर उभ्यानं फोटो घेतो. सेन्सर आतल्या आत हलून हाताची थरथर सावरतो, खांबाला खांदा टेकवायचा आणि श्वास अर्धा सोडून बटण दाबायचं. तुमच्या १८-१४० ने तिथं उजेड कमी पडेल. बाहेर आल्यावर वाघूरच्या पलीकडच्या कड्यावरून लेण्यांचा घोड्याच्या नालासारखा आकार टिपायचा, किंवा वेरुळात कैलासाच्या मंडपाच्या छतावरचे सिंह जवळ आणायचे, तर मात्र मोठाच काढा. दौलताबादच्या किल्ल्यातल्या अंधारी नावाच्या भुयारी वाटेत शिरताना तो पिशवीत जाऊ द्या.

अजिंठ्याचं नाव निघालं की मला रॉबर्ट गिल आठवतो. मद्रास सैन्यातला हा अधिकारी १८४४ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या मोठमोठ्या कॅनव्हासवर नकला करत राहिला, आयुष्य तिथंच घातलं. त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पण त्यानं फोटोही काढले होते, दोन भिंगांच्या स्टिरिओ कॅमेऱ्याने, हातात मावतील एवढे छोटे फोटो. ते आजही बघायला मिळतात. त्याला कुठलं काम मोठं वाटत असेल, याचा मी बऱ्याचदा विचार करतो.

दोन कॅमेरे एकत्र वापरायला लागलात की पहिल्याच दिवशी दोघांची घड्याळं सेकंदाला सेकंद जुळवा. साधी गोष्ट आहे, पण मी एकदा चुकलो आणि एका लग्नात पाठवणी अक्षतांच्या आधी लागली. सोळाशे फोटो हाताने लावत बसलो. दोघांवर रॉ ठेवा, व्हाइट बॅलन्स उन्हात दोघांना "डेलाइट" ठेवा, म्हणजे मागून रंग जुळवताना डोकं दुखत नाही. आणि छोट्याने काढलेल्यांतले महिन्याला पाच-सात तरी चार बाय सहाच्या कागदावर छापा आणि ज्याचा फोटो आहे त्याला नेऊन द्या. शाळेतल्या मुलांचे काढणार असाल तर आधी आईवडिलांना विचारून. आमच्या गल्लीतल्या कल्हईवाल्या चाचांनी मी दिलेला फोटो भात्याशेजारच्या खिळ्याला अडकवला आहे, काजळीनं त्याच्या कडा काळ्या झाल्या आहेत. त्या दिवसापासून तिथं बसून मी कितीही फोटो काढले तरी ते वर बघत नाहीत.

तर ताई, बाजारात जाऊ नका अजून. आधी शंभर फोटो निवडा, मोजा, मग तीन आठवडे चिकटपट्टी. १८ चा रकाना, २४ चा, २७ चा आणि त्यापुढचा, असे चार आकडे मला कळवा. चौथ्या रकान्यात साठाहून जास्त आले, तर मी वर लिहिलेलं बाजूला ठेवून तुमच्यासाठी २४-७० चा सोनीच बघू.